कुलूप लावलेली अक्षरं

माझ्या कामाचा दिवस गावांच्या नावांनी सुरू व्हायचा. फोन वाजायचा आणि पलीकडून कुणीतरी सावकाश सांगायचं, "लिहा बाई. अकोल्याचा ए, सात, दर्यापूरचा डी, दोन, दोन, मूर्तिजापूरचा एम." अशी सोळा अक्षरं आणि आकडे लिहून झाले की मी म्हणायचे, "थांबा हं." ते समोरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायचे आणि तिथून निघालेली दुसरी सोळा अक्षरं त्याच पद्धतीने परत सांगायचे. शाळेत 'ए फॉर ॲपल' शिकलेली माणसंही फोनवर ए अकोल्याचाच म्हणत. झेड आला की खोळंबा व्हायचा. झेडचं गाव आमच्याकडे कुणाला सापडलं नाही. "थे शेवटचं," असं म्हटलं की मला कळायचं.

अमरावतीत आम्ही दोघांनी, म्हणजे माझा नवरा शरद आणि मी, मराठी टायपिंगचा एक प्रोग्राम तयार केला आणि बरीच वर्षं तो विकला. आज खिशातल्या फोनवर कुणीही फुकट मराठी लिहितं, त्यामुळे हे जरा समजावून सांगावं लागतं. तेव्हा कॉम्प्युटरला मराठी येत नसे. प्रत्येक कंपनी आपापली अक्षरं बनवायची आणि आपापल्या क्रमाने ती कॉम्प्युटरात बसवायची. एका कंपनीच्या प्रोग्राममध्ये लिहिलेलं पान दुसऱ्यात उघडलं की नुसता चिन्हांचा कचरा दिसे. मी मराठीत एम. ए. केलेली. आलेखाच्या कागदावर जोडाक्षरं काढून ती लहान आकारात छापली तरी नीट वाचता येतात का, हे पाहण्यात माझी दोन वर्षं गेली. त्या कागदांवरून प्रोग्राम शरदने लिहिला. त्या प्रोग्रामला लावायचं कुलूपही त्याचंच.

कुलूप कशाला, असं माझे माहेरचे लोक विचारायचे. पुस्तक उसनं दिलं तर निदान आपल्या कपाटात जागा रिकामी होते. प्रोग्रामचं तसं नाही. तो दुसऱ्याला दिला तरी आपल्याकडे राहतोच, त्यामुळे आपण काही चोरलं असं कुणालाच वाटत नाही. आमच्या एका लग्नपत्रिकावाल्याने स्वतःच्या सख्ख्या भावाच्या, मेहुण्याच्या आणि मेहुण्याच्या शेजाऱ्याच्या दुकानात आमचा प्रोग्राम बसवला आणि मग मोठ्या प्रेमाने फोन करून सांगितलं, "बाई, तुमचं नाव करून राहिलो आम्ही."

पहिलं कुलूप हाताला लागणारं होतं. आगपेटीएवढी डबी, प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे लावायची. प्रोग्राम सुरू होताना त्या डबीला एक प्रश्न विचारायचा. डबीकडून ठरलेलं उत्तर आलं तरच पुढे सरकायचा. डबीची नक्कल करणं तेव्हा सोपं नव्हतं, म्हणून शरद निश्चिंत होता. त्याने माणसांचा विचार केला नव्हता. कुणी डबी तिजोरीत ठेवून चावी हरवली. एका साप्ताहिकाच्या संपादकांनी ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका प्रेसवाल्या काकांचा फोन आला की कॉम्प्युटर चालू आहे, पण तो कुलूप नाही म्हणतो. मी सकाळच्या बसने गेले. डबी काढून पाहिली तर तिच्या पिनांमध्ये हळद, कुंकू आणि तांदळाचे दोन दाणे.

"काका, हे काय?"

"पूजा केली ना जी. कटिंग मशीनची केली, कॉम्प्युटरची केली. मंग याले कसं सोडायचं? याच्यावरच तर सारं चालते."

मी दात घासायच्या ब्रशने पिना साफ केल्या, पण पूजेत पाणीही शिंपडलेलं होतं, त्यामुळे डबी गेली ती गेलीच. नवी द्यावी लागली. पुढच्या दसऱ्याला काकांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पूजेला बसवली आणि तसा फोनही केला. शरद त्या दिवशी जेवतानाही हसत होता.

मग डबी गेली आणि कॉम्प्युटरचा नंबर आला. प्रत्येक कॉम्प्युटरच्या आतल्या भागांवर त्यांचे त्यांचे नंबर असतात. प्रोग्राम ते एकत्र करून एक सोळा अक्षरी ओळख बनवायचा. गिऱ्हाइकाने ती मला फोनवर सांगायची आणि मी तिचं उत्तर द्यायचं. ते उत्तर त्याच एका कॉम्प्युटरवर चाले. ज्यांना आधी वापरून पाहायचं असे त्यांना तीस दिवस फुकट. त्यावरही लोकांनी उपाय काढले. कोर्टासमोर टपरीत बसून अर्ज लिहून देणारा एक जण रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायचा. तीस दिवस काही संपेनात. अर्जाच्या खाली तारीख मात्र प्रोग्राम आपोआप टाकायचा. एका माणसाच्या मारहाणीच्या तक्रारीवर मारहाणीच्या दोन महिने आधीची तारीख पडली. कोर्टातल्या बाबूने अर्ज परत करताना विचारलं म्हणे, "मार खायचं आधीच ठरलं होतं काय?" त्यानंतर त्या अर्जवाल्याने रीतसर प्रत घेतली.

या सगळ्यांच्या भोळ्या युक्त्या होत्या. खरं कुलूप उघडणारा माणूस एकच होता आणि तो अकोल्याचा.

गजूभाऊंचं अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याआधी ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. शिक्षण बेताचं, पण बंद वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुलूप कसं उघडतात, हे शरदने मला समजावून सांगितलं होतं ते असं. दारावर पहारेकरी आहे आणि तो पास मागतो. आत जायचे तीन मार्ग. खोटा पास बनवा. पास कसा बनवतात ते शिकून घ्या आणि हवे तितके बनवत बसा. नाहीतर पहारेकऱ्याच्या जागी असा माणूस उभा करा की जो कुणालाही पाहून मान डोलावतो. गजूभाऊ तिसरा मार्ग घेत. प्रोग्रामच्या आत एक जागा अशी असते जिथे 'परवाना आहे का' याचं हो किंवा नाही ठरतं. लाखभर सूचनांमधून ती जागा शोधायची आणि 'नाही'चाही 'हो' होईल अशी करून टाकायची. शोधायला आठवडे लागतात, बदलायला मिनिट पुरतं.

शरद नवी आवृत्ती काढायचा, पहारेकरी दुसरीकडे लपवायचा, एकाचे चार करायचा. थोड्या दिवसांनी अकोल्यात कुलूप नसलेली प्रत फिरू लागायची. अशी एक प्रत त्याने मिळवली आणि आठवडाभर उलगडून पाहिली. "काम स्वच्छ आहे," एवढंच बोलला. ते म्हणताना त्याच्या तोंडावर जो कडवटपणा होता, तो मी इतर कुणाचं कौतुक करताना पाहिला नाही.

दोघं समोरासमोर आले ते अकोल्याच्या एका प्रदर्शनात. आमच्या टेबलापाशी जाड चष्म्याचा एक गृहस्थ येऊन उभा राहिला.

"शरदभाऊ, यावेळी बम मेहनत घेतली तुमी. मले अठरा दिवस लागले."

शरदने मान वर केली नाही. "पुढच्या वेळी महिना लागेल."

"लागू द्या ना जी. पावसायात तसाबी धंदा मंदा असते."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, अक्षरं सुंदर हायेत तुमची. त्याले म्या हात नाही लावला कधी."

त्या संध्याकाळी बसमध्ये शरद बोलला नाही. घरी आल्यावर त्याने एक सापळा लिहायला घेतला.

सापळा असा होता. प्रोग्राममध्ये कुणी फेरफार केला आहे असं कळलं तरी त्याने काही बोलायचं नाही. चाळीस दिवस नेहमीसारखं चालायचं. मग गुपचूप, फाईल जतन करताना ती त्या कॉम्प्युटरच्या ओळखीत कालवून ठेवायची. त्या कॉम्प्युटरवर ती नेहमीसारखी उघडेल, इतर कुठेही उघडणार नाही. अस्सल प्रतीतही नाही. चोराला चाळीस दिवस चोरी पचली असं वाटेल आणि मग केलेलं काम त्याच्याच कॉम्प्युटरात कोंडून पडेल. शरदने मला हे सांगितलं तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं. मीही त्याच बसमध्ये होते.

सापळ्यात गजूभाऊ सापडणार नव्हते, कारण ते स्वतः मराठीत काही लिहीत नव्हते. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दोन-तीन वर्षांनी एक फोन आला. आवाज वयस्कर, उच्चार शिक्षकाचे. नाव वानखडे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. त्यांनी जुना कॉम्प्युटर विकत घेतला होता, त्यात आमचा प्रोग्राम आधीपासूनच होता. त्यांनी लिहिलेल्या फाईली मुलीच्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हत्या. प्रोग्राममध्ये आमचा फोन नंबर दिसला म्हणून त्यांनी लावला. मी सवयीने सोळा अक्षरं विचारली आणि वहीत लिहिली. ती आमच्या यादीत नव्हती.

"गुरुजी, ही प्रत आमच्याकडून घेतलेली नाही. चोरीची आहे."

"म्हंजे चोरी म्या केली?"

"तुम्ही नाही. पण प्रत चोरीची आहे."

"मंग खरी घेतो ना मी. घेतल्यावर उघडंल?"

मी फोनवर हात ठेवून शरदला विचारलं. तो शेजारच्या टेबलावर होता. त्याने नकारार्थी मान हलवली. "एकाला उघडून दिलं की ती वाट गजूला कळेल. आणखी सहा महिन्यांनी सगळ्यांना कळेल." मी म्हटलं, मास्तर आहेत, म्हातारे आहेत. तो म्हणाला, "सगळेच कुणीतरी असतात."

मी फोनवर नाही म्हणून सांगितलं. गुरुजी म्हणाले, "बरं जी," आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजात राग असता तर मी ते विसरले असते.

शरद गेला त्याला येत्या पौषात दोन वर्षं होतील. सहा दिवस दवाखान्यात होता, त्यातले चार बोलत होता, पण कामाचं काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्याच्या लॅपटॉपला त्याने पासवर्ड लावलेला होता. बत्तीस वर्षांच्या संसारात मला त्याच्याविषयी जे जे ठाऊक होतं ते सगळं मी तिथे लिहून पाहिलं. आईचं नाव, पहिल्या सायकलचा नंबर, मुलाची जन्मतारीख, ज्या गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो तिचं नाव. लॅपटॉप अजून कपाटात आहे. धंदा तोवर संपलेलाच होता. जुन्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर बदलले की त्यांचे फोन येत, तेवढी उत्तरं मी देत असे. ती काढायचा प्रोग्राम माझ्याच कॉम्प्युटरवर होता. सापळ्याची गुपितं मात्र त्या बंद लॅपटॉपमध्ये.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी स्वतःच घरी आले. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क. वीज कडाडली त्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटर जळला. दुकानदाराने सांगितलं, डिस्क शाबूत आहे, पण बाकी काही नाही. फाईली दिसतात, उघडत नाहीत.

"म्याच तुमाले फोन केला होता, बाई. तुमी नाही म्हणाल्या होत्या."

"आठवतं मला."

शरद गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. मग मी विचारलं, फाईलीत काय आहे.

गुरुजींचं गाव वर्धा नदीवरच्या धरणात गेलं. त्या गावातल्या आपल्या वस्तीतलं एकेक घर त्यांनी लिहून काढलं होतं. कोण राहायचं, दार कुठे उघडायचं, अंगणात काय होतं, पाणी कोणत्या विहिरीचं प्यायचे.

"सरकारी नकाशात गाव हाये," ते म्हणाले. "गावठाणातल्या घरायले नंबर हायेत. नाल्याच्या पलीकडं आमची वस्ती होती. तिच्या जागी एक गोल काढला हाये अन् एक शब्द लिवला हाये. त्या गोलात सत्तेचाळीस घरं होती, बाई. ज्यायले इचारून लिवलं थे आता कोणी राह्यले नाहीत."

"कागदावर काही?"

"होते ना कागद. घर बदललं तवा रद्दीत दिले. कॉम्प्युटरात हायेत म्हटलं. पेन ड्राइव्ह पाच-पाच केले होते." त्यांनी खिशातून पाचही काढून टेबलावर ठेवले. प्रत्येकाला दोरा बांधलेला होता. पाचांवरही तीच कोंडलेली फाईल.

मला एकाच माणसाचं नाव सुचलं. ज्याला वाट कळू नये म्हणून आम्ही गुरुजींना नाही म्हटलं होतं, त्याचंच.

गजूभाऊ आता साठीच्या पुढे गेले आहेत. दुकान तेच, आत मोबाइल दुरुस्तीचं सामान. मला पाहून उठून उभे राहिले. शरदचं त्यांना कळलं होतं. "येनार होतो वहिनी. पण कोन्या तोंडानं येऊ, म्हटलं." मी गुरुजींची ओळख करून दिली आणि सापळ्याबद्दल सांगितलं.

"थो चाळीस दिवसावाला?" ते खाली बसले. "थो मले दिसलाच नाई. दिसला तवा लोकायले प्रती देऊन झाल्या होत्या. लोक इथं येऊन इचारत, फाईल काहून उघडत नाई. म्या त्यायले सांगतलं, व्हायरस हाये."

गुरुजी त्यांच्याकडे पाहत होते. "मलेबी दुकानदारानं तेच सांगतलं होतं. व्हायरस."

"थो माह्याकडूनच शिकला असंल, गुरुजी."

मग गजूभाऊंनी डिस्क हातात घेतली. म्हणाले, प्रोग्राम फाईल कशी कालवतो ते त्यांना नंतर समजलं होतं, पण ती सोडवायला जळालेल्या कॉम्प्युटरची ओळख हवी, आणि ती त्या जळालेल्या भागांतूनच निघायची. मी पिशवीतून वही काढली. गुरुजींना नाही म्हणण्याआधी मी त्यांच्याकडून लिहून घेतलेली सोळा अक्षरं त्यात होती. गजूभाऊंनी ती स्वतःच्या हाताने उतरवून घेतली, दोनदा ताडून पाहिली. "शरदभाऊचा प्रोग्राम म्या त्याच्यापेक्षा जास्त वेळा वाचला असंल, वहिनी. पन हमी देत नाई."

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. गुरुजींना घेऊन या, एवढंच म्हणाले. अमरावती ते अकोला बसमध्ये गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. मूर्तिजापूरला चहा घेताना म्हणाले, "सारं नाही आलं तरी चालंल. अर्ध्याच्या वर आलं तरी पुरे."

दुकानात दोन कॉम्प्युटर लावून ठेवले होते. पहिल्यावर गजूभाऊंनी आमचा प्रोग्राम असा वळवला होता की ओळख विचारली की त्याने जळालेल्या कॉम्प्युटरचीच सांगावी. त्यांनी फाईल उघडली. पडद्यावर माझी अक्षरं आली. पहिलं घर, दुसरं घर. गुरुजी खुर्चीत पुढे सरकले आणि एकेक ओळ बोटाने धरून खाली जाऊ लागले. आम्ही दोघं मागे उभे. तेविसाव्या घराशी ते थांबले.

"अठी चूक हाये. म्हाताऱ्याची सून, इतकंच लिवलं होतं. नाव मंग कळलं मले." त्यांनी कीबोर्ड जवळ घेतला आणि एका बोटाने लिहिलं, सुभद्रा. मग जतन करायचं बटण दाबलं.

गजूभाऊंचा हात पुढे गेला होता, तो अर्ध्यावर राहिला. जतन होताना फाईल पुन्हा कालवली गेली असती तर सगळं परत तिथेच. त्यांनी मला सांगितलं होतं की जतन करताना कालवण्याची जागाही बंद केली आहे, पण प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्यांनी गुरुजींच्या पाचांपैकी एका पेन ड्राइव्हवर फाईल घेतली, दोरा धरून तो काढला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला. तिथला प्रोग्राम साधा, अस्सल, माझ्याकडच्या उत्तराने चालू केलेला. फाईल उघडली. तेविसावं घर, सुभद्रा.

गजूभाऊंनी चष्मा काढून पुसला. गुरुजी पहिल्या कॉम्प्युटरवरून उठून दुसऱ्यावर येऊन बसले आणि शेवटच्या पानावर गेले. चव्वेचाळीस घरं होती.

"तीन राह्यली लिवायची," ते म्हणाले. "कॉम्प्युटर जळला तवा डोक्यातच होती. तुमी दोघं जरा बाहेर बसता काय? कोनी मागं उभं असलं की मले लिवता येत नाही."

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. गजूभाऊंनी चहा सांगितला. आतून गुरुजींच्या एका बोटाचा आवाज येत होता, थांबून थांबून. मी म्हटलं की असे गुरुजी आणखी किती असतील ते मला माहीत नाही, आणि माझ्यानंतर फोन उचलायला कुणी नाही. कुलूप सगळ्यांचंच काढून टाका आणि ती प्रत लोकांना देऊन टाका. कोंडलेल्या फाईलींना ज्या त्या कॉम्प्युटरची ओळख लागेल, ती माझ्या वहीत सापडली तर मी शोधून देईन.

गजूभाऊंनी आलेला चहा माझ्या हातात दिला.

"शरदभाऊले आवडलं नसतं, वहिनी."

"नसतंच आवडलं," मी म्हणाले. "काढा."